माटो पाहा परत द्या

माउंट रशमोर बघायला दक्षिण डकोटात जाणारी आपली मराठी कुटुंबं भरपूर. तिथून साधारण तासा-सव्वा तासावर, स्टर्जिस गावाबाहेरच्या सपाट माळावर एक डोंगर एकटाच उभा आहे. नकाशावर बेअर ब्यूट, इथल्या मूळनिवासी लाकोटा लोकांचा माटो पाहा. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी शिलारस वर चढला, पण बाहेर न फुटता आतच थिजला. वरचे थर झिजून गेले आणि कठीण गाभा उघडा पडला. उंची १,३४९ मीटर.

शायेन या दुसऱ्या मूळनिवासी लोकांच्या श्रद्धेनुसार त्यांचा प्रेषित स्वीट मेडिसिन याला चार पवित्र बाण इथेच मिळाले. १८५७ साली लाकोटांच्या शाखांची मोठी सभा याच डोंगरापाशी भरली.

अमेरिकी सरकारशी झालेल्या १८६८ च्या फोर्ट लॅरमी कराराने हा मुलूख लाकोटांचा ठरला. १८७४ मध्ये अमेरिकी सेनाधिकारी कस्टर सैन्य घेऊन आला, सोन्याची बातमी फुटली आणि १८७७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ब्लॅक हिल्स, म्हणजे इथली डोंगररांग, काढून घेतली. १९८० मध्ये सुप्रीम कोर्टाने भरपाई मंजूर केली, सुमारे साडेदहा कोटी डॉलर. व्याज धरून ती रक्कम आता १०० कोटींच्या पुढे गेली आहे. ज्या वस्त्यांत गरिबी पाचवीला पुजलेली आहे, तिथल्या लोकांनी त्यातला एक डॉलरही उचललेला नाही. त्यांना जमीन हवी आहे. मला हे पूर्णपणे पटतं.

माटो पाहा १९६१ पासून स्टेट पार्क आहे. वाटेवरच्या पाइनच्या फांद्यांना लाल, पिवळ्या, पांढऱ्या, काळ्या चिंध्या आणि तंबाखूच्या इवल्या पुरचुंड्या बांधलेल्या असतात. एकेक गाठ म्हणजे कुणाची तरी प्रार्थना. हात लावू नका अशी विनंती असूनही माझ्यादेखत एकाने चिंधी नीट पसरवून फोटो काढला. फार संताप आला.

रस्ते, पार्किंग आणि पर्यटकांसाठीचे कट्टे यांमुळे उपासनेत अडथळा येतो म्हणून लाकोटा धर्मगुरू फ्रँक फूल्स क्रो आणि इतर वडीलधारे कोर्टात गेले होते. १९८२ मध्ये ते हरले, १९८३ मध्ये अपीलही गेलं. डोंगरावर तुमचा मालकी हक्क नाही, असं कोर्टाचं म्हणणं. हक्क हिरावून घ्यायचा आणि मग तोच नाही म्हणून दाद नाकारायची, याला न्याय म्हणवत नाही मला. दर ऑगस्टला स्टर्जिसमध्ये लाखो मोटारसायकलवाले जमतात, त्यांचा गोंगाट वेगळाच.

काही जमातींनी आसपासच्या जमिनी रोख पैसे मोजून विकत घेतल्या आहेत. आपल्याच पूर्वजांची जमीन! ब्लॅक हिल्सचा प्रश्न वॉशिंग्टनमध्ये अडकलाय, पण हे पार्क राज्याचं आहे. दक्षिण डकोटाच्या विधिमंडळाने मनावर घेतलं तर ते लाकोटा आणि शायेन लोकांच्या ताब्यात देता येईल. मग आपल्यासारख्यांनी वर चढायचं की नाही, कधी चढायचं, हे त्यांनी ठरवावं.