मी कुठे राहते हे किती वेळा सांगू?

थायलंडमध्ये दर ९० दिवसांनी द्यायचा पत्त्याचा रिपोर्ट द्यायला गेले होते, आज पुन्हा परत पाठवलं. सकाळी साडेसातला घरातून निघाले, आठला इमिग्रेशन ऑफिसच्या दारात उभी, साडेआठला दार उघडल्यावर हातात ५७ नंबरची चिठ्ठी. बारा वाजता जेवणासाठी खिडक्या बंद होतात. मला बारा वाजायला दहा मिनिटं असताना बोलावलं. खिडकीतल्या मुलीने पासपोर्ट उघडला, कॉम्प्युटरवर काहीतरी पाहिलं आणि म्हणाली, "मै दाय." म्हणजे नाही होणार. थायलंडमध्ये राहणाऱ्या कुठल्याही परदेशी माणसाला एक वेळ 'सवाद्दी' (नमस्कार) नाही कळणार, पण 'मै दाय' पहिल्या आठवड्यात पाठ होतं.

का नाही होणार? तर मी माझ्या घरी राहते याची नोंद सिस्टीममध्ये नाही. चार वर्षं मी एकाच घरात राहतेय. तोच सोय (इथे गल्लीला सोय म्हणतात), तोच घर नंबर. दर ९० दिवसांनी याच ऑफिसात येऊन हाच पत्ता लिहून दिलाय, आणि त्यांनीच दिलेल्या पावत्या माझ्या पासपोर्टला स्टेपल केलेल्या आहेत. त्या मुलीच्या हातात होत्या त्या. तिने त्या बाजूला सारल्या आणि मागचं पान उघडलं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. इथला इमिग्रेशनचा कायदा १९७९ चा आहे. त्यात ३७ वं कलम म्हणतं की सलग ९० दिवसांच्या वर राहणाऱ्या परदेशी माणसाने दर ९० दिवसांनी आपला पत्ता कळवायचा. त्याचा फॉर्म टीएम ४७. आणि ३८ वं कलम म्हणतं की परदेशी माणूस राहायला आला की घरमालकाने २४ तासांत कळवायचं. त्याचा फॉर्म टीएम ३०. म्हणजे घर एक, माणूस तोच, पत्ता तोच, आणि कागद दोन. एक मी द्यायचा, एक घरमालकाने. पण घरमालकाने त्याचा दिला नाही तर अडवणार कोणाला? मला. कायद्याने जबाबदारी घरमालकिणीची, खिडकीवर उभी मी, दंड भरणारी मी आणि व्हिसा लटकणारा माझा. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते ती इथे.

आणि उगाच कोणी सांगू नका की प्रत्येक देशाचे नियम असतात. मला माहीत आहेत. आपल्याकडेही परदेशी पाहुणा आला तर लॉजवाल्याला नाहीतर घरमालकाला २४ तासांत सरकारला कळवावं लागतं. नोंद ठेवा, जरूर ठेवा, माझी काहीही हरकत नाही. पण जे काम माझ्या हातातच नाही ते झालं नाही म्हणून मला का सोलता?

आमची घरमालकीण बँकॉकला असते. आम्ही बँकॉकच्या बाहेर, कारखान्यांच्या पट्ट्यात राहतो, कारण नवऱ्याचा प्लांट इथे आहे. टीएम ३० भरायला तिच्या 'ताबियान बान'ची, म्हणजे घराच्या निळ्या नोंदवहीची प्रत लागते, आणि तिच्या ओळखपत्राची. मी तिला लाइनवर मेसेज करते (इथे व्हॉट्सॅप कोणी बघत नाही, सगळं लाइनवर). वाचल्याची खूण लगेच दिसते. उत्तर म्हणून कमरेत वाकून नमस्कार करणाऱ्या अस्वलाचं स्टिकर येतं. बस. दोन दिवसांनी पुन्हा विचारलं की दुसरं स्टिकर. ती प्रत का देत नाही ते सगळ्या भाडेकरूंना ठाऊक आहे. भाड्याचं उत्पन्न कुठे दाखवलेलं नसतं आणि सरकारी कागदावर भाडेकरू आला की कर भरावा लागेल ही भीती. भाडं मात्र एक तारखेला सकाळी खात्यात पडलं नाही तर नऊच्या आत मेसेज येतो, आणि तो पूर्ण वाक्यात असतो.

मी चार वर्षांपूर्वी राहायला आले तेव्हा सोसायटीच्या मॅनेजरने हा फॉर्म भरून दिला होता. मग आता काय बदललं? मी तीन महिन्यांपूर्वी सांगलीला जाऊन आले. देशाबाहेर जाऊन आलात की नोंद नव्याने करायची, असं आज ती मुलगी म्हणते. पण २०२० मध्ये याच खात्याने हा नियम सैल केला होता. री-एंट्री परमिटवर (म्हणजे परत येण्याचा परवाना आधीच काढून) बाहेर जाऊन त्याच पत्त्यावर परत आलात तर टीएम ३० पुन्हा भरायची गरज नाही. त्याच्या आदल्या वर्षी परदेशी लोकांनी या फॉर्मविरुद्ध केवढा आरडाओरडा केला होता, तेव्हा कुठे ते झालं. मी ती सूचना थायमध्ये छापून नेली होती. खिडकीतून आत सरकवली. तिने वाचली, परत बाहेर सरकवली आणि म्हणाली, या ऑफिसात लागतं. मागच्या वर्षी दिवाळीहून परत आले तेव्हा याच ऑफिसात नव्हतं लागत! तीच खिडकी. फक्त आतलं माणूस वेगळं होतं. नियम कागदावर आहे की खुर्चीत बसलेल्या माणसाच्या मनावर, एवढं तरी एकदा सांगून टाका.

आता मी सांगलीला का गेले होते ते ऐका.

रात्री साडेदहाला भावाचा फोन आला. बाबा गेले. पहाटेचं विमान होतं, तिकीट मिळालं. मी मुलीचे दोन फ्रॉक बॅगेत कोंबत होते आणि नवरा मागून विचारतोय, री-एंट्री आहे का गं? नव्हतं. माझं व्हिसाचं वर्षाचं एक्स्टेन्शन, म्हणजे मुदतवाढ, आहे, पण री-एंट्री परमिट न घेता देशाबाहेर पाऊल टाकलं की ते एक्स्टेन्शन तिथल्या तिथे रद्द. मग सगळं पहिल्यापासून. एकदाच जाण्यायेण्याचं परमिट १,००० बाट, हवं तितक्यांदा जायचं तर ३,८००, आणि तेही माणशी. आमच्या तिघांचे ११,४०० होतात, म्हणून आम्ही जायचं ठरलं की तेवढ्यापुरतं काढायचो. मरण ठरवून येत नाही ना.

विमानतळावर ते परमिट मिळतं, हे खरं आहे. मिळालं म्हणून मी जाऊ शकले. पण ते कसं घेतलं ते मी जन्मात विसरणार नाही. पहाटे तीनला, रोख पैसे हातात घेऊन, झोपलेली नऊ वर्षांची मुलगी खांद्यावर. फॉर्मवर भरायचं: देश सोडण्याचं कारण. फोटो नव्हते, म्हणून तिथेच स्टुलावर बसवलं. चष्मा काढा. सरळ बघा. माझे डोळे गळत होते, फोटो नीट येईना, तर म्हणे डोळे पुसा आणि पुन्हा बसा. मुलीला उठवून तिचाही काढला. तिला कळेना की आजोबा गेले तर फोटो कशाला काढतायत. दोघींचे २,००० बाट, फोटोचे वेगळे. मुंबईला उतरून पुढे गाडीने सांगली, सात-आठ तास. बाबांचं शेवटचं दर्शन मिळालं ते भावाने सगळ्यांना थांबवून धरलं म्हणून.

त्या प्रवासातून परत आले म्हणून आज माझा पत्ता संशयास्पद आहे.

एक्स्टेन्शनच्या वेळची कागदांची कथा तर वेगळीच. पासपोर्टच्या प्रत्येक पानाची झेरॉक्स, प्रत्येक झेरॉक्सवर निळ्या पेनाने सही. काळ्या पेनाने केली तर परत. ४ बाय ६ सेंटिमीटरचा फोटो. घरापर्यंतचा नकाशा. घर नंबराच्या पाटीखाली आम्ही तिघं उभे असलेला फोटो, सोफ्यावर बसलेला फोटो. आम्ही खरंच एक कुटुंब आहोत याचा पुरावा म्हणून मी माझ्या दिवाणखान्याचे फोटो एका अनोळखी माणसाच्या टेबलावर ठेवते आणि तो ते पालथे-उलटे करून बघतो. दर वर्षी. फी माणशी १,९०० बाट.

आणि नाव! मराठी माणसाने इथे नावाचं काय करायचं ते कोणीतरी मला सांगा. आपल्या पासपोर्टवर मधे नवऱ्याचं नाव असतं. इथल्या कारकुनाला वाटतं तेच माझं पहिलं नाव, मग एका कागदावर मी नवऱ्याच्या नावाने. थाय उच्चारात ळ नाही, आणि शब्दाच्या शेवटी ल आला की त्याचा उच्चार न होतो. पाटीलचं पाटिन होतं. आमच्या लग्नाच्या दाखल्याचं थाय भाषांतर करून घेतलं, वकिलातीचा शिक्का घेतला, मग परराष्ट्र मंत्रालयाचा. तिन्ही ठिकाणी पैसे भरले. तर भाषांतर करणाऱ्याने २०१२ साल बौद्ध सनात लिहिताना ५४३ मिळवायचे तिथे ५४२ मिळवले, म्हणजे २५५५ च्या जागी २५५४. दाखल्यावर लग्न २०१२ चं, भाषांतरात २०११ चं. सगळं पुन्हा! आडनावाचं तर माझ्या तीन थाय कागदांवर तीन प्रकारे लेखन आहे, आणि दर वेळी नवा माणूस ते तीन कागद शेजारी शेजारी ठेवून मला विचारतो की ही तुम्हीच का. अहो, मी नाही लिहिलं ते! तुमच्याच लोकांनी लिहिलंय.

नवऱ्याचं सगळं कंपनीचा माणूस करतो, त्याला सहीपुरतं बोलावतात. बायकामुलांचं आपलं आपण बघायचं. मला वर्क परमिट नाही, म्हणून नोकरी नाही. वर्क परमिट नाही म्हणून बँकेत माझ्या नावाचं खातंही उघडून देत नव्हते, तीन शाखा फिरले तेव्हा एकीने उघडलं. म्हणजे दिवसभर मोकळी असलेली बाई घरात आहेच, घालू दे खेटे. ९० दिवसांचा रिपोर्ट ऑनलाइन करता येतो म्हणतात. पण देशाबाहेर जाऊन आलं की पहिला रिपोर्ट समक्षच द्या असंही म्हणतात, आणि मागच्या वेळी ऑनलाइन भरला तर पाच दिवस 'प्रलंबित' आणि सहाव्या दिवशी 'नामंजूर'. कारण? रिकामा चौकोन.

इथे बोलायची सोय नाही. जरा आवाज चढला की समोरचा हसून म्हणतो, "जाय येन येन." मन थंड ठेवा. आज शेजारच्या खिडकीतल्या बाईंनी मला तेच सांगितलं, आणि एका आपल्याच माणसाने, भारतीय माणसाने, मागून सुनावलं की आपण पाहुणे आहोत, पटत नसेल तर परत जावं. पाहुणे! थायमध्ये भारतीयाला 'खॅक' म्हणतात, त्याचा अर्थ पाहुणाच. माझा नवरा इथे इन्कम टॅक्स भरतो, दर महिन्याला सोशल सिक्युरिटी कापली जाते, मी साबणाच्या वडीवरही ७ टक्के व्हॅट देते. माझी मुलगी थाय वाचते, सोयच्या तोंडाशी पपई विकणारी आजी तिला नावाने हाक मारते. त्या आजीला माहीत आहे आम्ही कुठे राहतो. पोस्टमनला माहीत आहे, वीजबिलवाल्याला माहीत आहे, गेटवरच्या सुरक्षा रक्षकाला माहीत आहे. फक्त ज्यांना मी दर ९० दिवसांनी लिहून देते त्यांनाच माहीत नाही.

मालकिणीने नोंद केली नसेल तर तिला नोटीस पाठवा ना. पत्ता तुमच्याकडे आहे, तिचं नाव निळ्या वहीत आहे. माझा रिपोर्ट घ्या, तिचा दंड तिच्याकडून घ्या. हे इतकं अवघड आहे? गेल्या खेपेला आमच्या मजल्यावरच्या एका फिलिपिनो शिक्षिकेने वैतागून मालकाचा ८०० बाट दंड स्वतःच्या खिशातून भरला, कारण तिला शाळेत तास घ्यायला परत जायचं होतं. मीही भरेन कदाचित. पण दंड भरायलासुद्धा त्या निळ्या वहीची प्रत लागते, आणि ती माझ्याकडे नाही.

मुदतीच्या आधी १५ दिवस आणि नंतर ७ दिवस, एवढ्यात रिपोर्ट द्यायचा असतो. माझे ते ७ दिवस शुक्रवारी संपतात. त्यानंतर २,००० बाट दंड, आणि पुढच्या एक्स्टेन्शनला तो शिक्का बघून प्रश्न विचारणार ते वेगळंच. दुपारी बाहेर बाकावर बसूनच मालकिणीला मेसेज केला, या वेळी थायमध्ये, मुलीकडून तपासून घेऊन. फोनही केला दोनदा. आत्ता रात्रीचे पावणेदहा झालेत. मेसेज वाचलाय. अस्वलही नाही आलं.