90 दिवसांत चालान (पोलिसांचं आरोपपत्र) नाही, म्हणून केस रद्द?

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘1 जुलै 2024 पासून नवा कायदा. 90 दिवसांत चालान पेश झालं नाही तर केस रद्द, आरोपी निर्दोष. फिर्यादीने राजीनामा (आपसातला समझोता) केला की केस बंद. निकाल 45 दिवसांत.’ खाली ‘वकिलांकडून खात्री केलेले’. कोणत्या, ते नाही.

पहिला दावा सगळ्यात घातक. मुदत उलटली की हक्क मिळतो तो जामिनाचा. तोही आरोपी कोठडीत असेल तरच. बाहेर असलेल्याला या मुदतीचा काही उपयोग नाही. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांना 90 दिवस, बाकीच्यांना 60. मोजायचे पहिल्या रिमांडपासून, म्हणजे कोर्टाने पहिल्यांदा कोठडी दिली तेव्हापासून; रिपोर्ट (FIR) लिहिली त्या दिवसापासून नाही. आणि अर्ज करावा लागतो, जामीनदार उभा करावा लागतो. ‘आता सुटणारच’ म्हणून घरचे स्वस्थ बसले आणि अर्जाआधी चालान आलं, तर हक्क गेला. उशिरा आलेल्या चालानावरही खटला चालतोच. बरं, यात नवं काय? 1973 च्या जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम 167 मध्ये होतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे मेसेजमधल्या नव्या कायद्यात, ते 187 झालं.

घोळ बहुधा 90 या आकड्याने केलाय. तपास कुठवर आला हे फिर्यादीला 90 दिवसांत कळवायचं, असंही नव्या संहितेत आहे. मॅजिस्ट्रेटने सेशनची (गंभीर गुन्ह्याची) केस 90 दिवसांत वरच्या सेशन कोर्टाकडे पाठवायची, कारण नोंदवून 180 पर्यंत, हेही आहे. मुदत चुकली की आरोपी निर्दोष, असं मात्र कुठेच नाही.

आता राजीनामा. फाइलवर ‘म. प्र. शासन विरुद्ध अमुक’ असतं. फिर्यादी तिथे साक्षीदार, म्हणून केस बंद करणं एकट्या त्याच्या हातात नाही. कोणते गुन्हे मिटवता येतात याची यादी नव्या संहितेच्या कलम 359 मध्ये आहे. साधी मारहाण आपसात मिटते, फसवून पैसे किंवा मालमत्ता घेतल्याच्या गुन्ह्याला कोर्टाची परवानगी लागते. सासरच्या छळाचं कलम यादीत नाही. तिथे समझोता झाला तरी केस रद्द करून घ्यायला हायकोर्टात जावं लागतं. त्यासाठी मुख्य पीठाचं जबलपूर गाठायची गरज नाही, खंडपीठ इंदूरलाच आहे. पण खून, बलात्कार, दरोडा अशा गुन्ह्यांत समझोत्यावरून केस रद्द होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2012 मध्येच सांगितलंय.

राहिले 45 दिवस. सेशनच्या केसमध्ये दोन्ही बाजूंचा युक्तिवाद संपल्यावर निकाल 30 दिवसांत द्यायचा, फार तर 45. त्याआधी आरोप ठरणं, साक्षी, उलटतपासणी यांच्या पेश्या (तारखा) असतात, आणि त्या या 45 दिवसांत धरलेल्या नाहीत.