खेचरावरची रील

सकाळीच फॅमिली ग्रुपवर रील आली. ग्रीसचं सँटोरिनी बेट. खाली निळाशार समुद्र, वर पांढरी घरं आणि मधल्या पायऱ्यांवर खेचरांवर बसून खिदळणारी आमचीच माणसं. खाली बदामांचा पाऊस. इतका संताप आला की चहा तसाच गार झाला.

त्या पायऱ्या मी चढलेय. फिरा या तिथल्या मुख्य गावाच्या जुन्या बंदरापासून वर गावापर्यंत ५८० हून जास्त, नागमोडी, सावलीचं नाव नाही. खुरांनी घासून दगड गुळगुळीत झालेत, त्यावर लीद. क्रूझची माणसं उतरली की ही जनावरं उन्हात वर-खाली, वर-खाली.

दोन वर्षांपूर्वी बाबांना घेऊन गेले होते. बाबा तेव्हा ६८ वर्षांचे. केबल कारला ही रांग! एकाने खेचर पुढे आणलं, बसा म्हणून खुणावलं. बाबांनी आधी खोगिराखालचं घोंगडं जरासं उचललं. कडेला रुपयाएवढी जागा सोललेली, केस गेलेले, माशा बसलेल्या. कपाळावर मात्र निळ्या मण्यांची माळ. मालक काहीतरी बोलत होता. बाबांनी घोंगडं हलकेच खाली सोडलं, त्या जनावराच्या मानेवरून हात फिरवला आणि मला म्हणाले, "चल गं, पायी जाऊ."

बाबांचं लहानपण बैलांत गेलंय. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीने मळायचे, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" म्हणायचं, हे त्यांनी हाताने केलंय. आणि गेल्याच आठवड्यात पोळ्याला झुली घातलेल्या बैलांचे फोटो तुम्हीच टाकलेत ना सगळ्यांनी? मग आठ दिवसांत झालं काय?

ग्रीसमध्ये २०१८ पासून नियम आहे. १०० किलोहून जास्त किंवा जनावराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त ओझं लादायचं नाही. ३०० किलोचं खेचर धरलं तरी ६० किलो झाले. रीलमधले आमचे भावजी नव्वदच्या खाली नाहीत. हे त्यांना मी तोंडावर सांगणार आहे.

बैलही राबतोच की, असं कुणीतरी म्हणेल. राबतो. केबल कार नव्हती तेव्हा बंदरावरचा माल याच जनावरांनी वर नेला आणि मालकांची पोटं आजही त्यावर आहेत, तेही कबूल. पण आपण तिथे मौज म्हणून बसतो हो! गुडघे दुखत असतील तर रांगेत थांबा. तासभर थांबलात म्हणून काय बिघडतं?

आम्हाला वर पोचायला तासाच्या वर लागला. दर वळणावर बाबा टेकायचे, पाणी प्यायचे. खेचरांची रांग आली की आम्ही भिंतीला चिकटून उभे. आणि प्रत्येक वेळी बाबा माणसांकडे नाही, पाठींकडे बघायचे.

आता लिहिता लिहिता राग जरा उतरलाय, कारण पुढचे दिवस आठवले. दुसऱ्या दिवशी आम्ही फिराहून ओइया गावापर्यंत चालत गेलो, जवळपास १० किलोमीटर. फिरोस्तेफानी, इमेरोविग्ली ही गावं, मग उघडी कड्याची वाट. काळे-तांबडे थर बघून बाबा म्हणाले, "हे आपल्या घाटासारखंच दिसतंय की!" खरंच होतं ते. सह्याद्रीही लाव्हाचाच, फक्त साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. इथल्या ज्वालामुखीचा मोठा स्फोट साधारण ३६०० वर्षांपूर्वीचा. त्याच राखेखाली गाडलं गेलेलं अक्रोतिरी हे प्राचीन गाव तिसऱ्या दिवशी बघितलं. पण बाबा सगळ्यात जास्त रमले ते वाटेतल्या द्राक्षवेलींत. मांडव नाही, तारा नाही. वेल जमिनीवरच गोल गोल वळवून टोपलीसारखा केलेला आणि घड त्याच्या आत, वाऱ्यापासून जपलेले. बाबा उकिडवे बसून किती वेळ ते वळण बोटाने चाचपत होते.

मघाशी त्यांचा फोन आला. रील त्यांनीही बघितली होती. रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "त्याची पाठ बरी झाली असेल का गं?" मला काही बोलताच आलं नाही.

ताई, तू हे वाचशीलच. उद्या तुम्ही ओइयाला जाणार आहात ना? पायी जा. ऊन चढायच्या आत निघा, टोप्या घ्या, माणशी दोन लिटर तरी पाणी घ्या. इमेरोविग्लीच्या पुढे सावली नाही.