तोडबंदी केली की जंगल वाचतं?

"जंगल वाचवायचं तर दोनच उपाय. तोड कायमची बंद करा आणि माणसांना जंगलाबाहेर काढा." हा मजकूर सध्या खूप फिरतोय. पटकन पटतोही.

'तोड बंद करा.' थायलंडने १९८८ च्या पुरानंतर १९८९ मध्ये नैसर्गिक जंगलातली व्यापारी तोड थांबवली. लाकडाची मागणी मात्र थांबली नाही. कुऱ्हाड म्यानमार, लाओस, कंबोडियाकडे वळली. चीनने १९९८ च्या महापुरानंतर तोड आवळली, तर ओंडक्यांची आयात वाढली. शिवाय जगात जेवढं जंगल नष्ट होतं, त्यातलं जवळपास ९० टक्के शेती आणि कुरणांसाठी जातं, असं संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना सांगते. ज्याला जमीनच हवी आहे, त्याला लाकडावरची बंदी काय अडवणार? कधीच कुऱ्हाड न लागलेली जुनी जंगलं मात्र खरोखर तशीच राहू द्यावीत. एवढं मान्य.

'माणसांना बाहेर काढा.' जंगल गावाच्या हातून काढून घेणं नेपाळने करून पाहिलंय. १९५७ मध्ये तिथे खासगी जंगलं सरकारजमा झाली. गावाच्या लेखी जंगल परकं झालं आणि सरकारकडे तेवढे राखणदार नव्हते; डोंगर उघडे पडत गेले. १९९३ च्या कायद्याने जंगल वापरणाऱ्यांच्या गटांकडे कारभार आला. जमीन सरकारचीच, पण चराई कुठे बंद, जळण कधी न्यायचं, दंड किती, हे गट ठरवतो आणि वनखात्याने मंजूर केलेल्या कार्ययोजनेत ते लिहिलेलं असतं. आज असे २२ हजारांहून अधिक गट आहेत आणि मधल्या उंचीच्या डोंगरांवर झाडी परतली आहे. (तरुण परदेशी गेले, शेतं पडीक राहिली, हेही त्याचं एक कारण. सगळं श्रेय कायद्याला नको.)

मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालातली तुलना तर आणखी बोलकी. १९९० मध्ये घोषित झालेल्या माया जैवमंडल राखीव क्षेत्रात काही भाग तोडबंदीची राष्ट्रीय उद्यानं झाली, तर काही भागात गावांना २५ वर्षांचे तोडीचे परवाने मिळाले. गुरांच्या कुरणांसाठी मोठ्या प्रमाणावर जळालं ते लागुना देल तिग्रे, म्हणजे उद्यान. परवान्यांच्या बहुतेक जंगलांत नासधूस फारच कमी, कारण महोगनीवर ज्याचं पोट, तोच गस्त घालतो. परवाना म्हणजे मोकळं रानही नव्हे. जिथे गुरांची कुरणं झाली, अशा काही गावांचे परवाने रद्द झाले.