तयारीचा वेळ : १५ मिनिटं

रेसिपी लिहिणाऱ्या लोकांच्या घरातलं घड्याळ वेगळं असतं असं माझं ठाम मत झालंय. वर लिहिलेलं असतं "तयारी १५ मिनिटं, शिजायला ३० मिनिटं" आणि आपण भोळेपणाने बेरीज करून घरच्यांना सांगून टाकतो की पाऊण तासात जेवायला बसू. मग साहित्य वाचायला घ्यावं तर ४ मोठे कांदे, कंसात "बारीक चिरून". १ किलो टोमॅटो, "सालं आणि बिया काढून". लसूण, "सोलून, ठेचून". म्हणजे खरी हमाली सगळी साहित्याच्या यादीत लपवलेली! कांदे चिरलेलेच जन्माला येतात, टोमॅटो सालं उतरवूनच घरी चालत येतात, आणि हे सगळं वाट्यावाट्यांमधून ओट्यावर रांगेत मांडून झालं की मग कुठे ती १५ मिनिटं सुरू होतात. या हिशोबाने घर बांधायलाही १५ मिनिटं पुरतील. साहित्य : घर १, बांधून.

आणि पुढे तो कांदा. "सोनेरी तपकिरी होईपर्यंत परता, ५ ते ७ मिनिटं." अहो, कांद्यात जवळजवळ नव्वद टक्के पाणी असतं, ते आधी निघून जाणार, मग त्यातली साखर हळूहळू रंग धरणार, मंद आचेवर हे सगळं नीट व्हायला ४०-४५ मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ तिथंच उभं राहून ढवळावं लागतं. ५ मिनिटांत तपकिरी होतो तो कांदा नाही, कांद्याच्या कडा. आत तो पांढराच असतो आणि दातांना कळतो.

तर आमच्या घरी रोजचा स्वयंपाक बायको आणि मी मिळून ढकलतो, आणि रविवारचा एकट्या माझा. रविवारचा म्हणजे हौसेचा. शुक्रवारी रात्री झोपायच्या आधी मी व्हिडिओ बघतो, त्यात एक दाढीवाला माणूस लाकडी ओट्यावर पीठ उधळतो, मागे हलकं संगीत, खिडकीतून ऊन, आणि संपूर्ण व्हिडिओत त्याला कोणीही "चार्जर कुठाय" असं विचारत नाही. तिथेच माझं डोकं फिरतं. शनिवारी सकाळी चहा पिताना मी जाहीर करतो की उद्या सगळं घरी, अगदी पहिल्यापासून. बायको नुसतं "बरं" म्हणते. त्या "बरं"मध्ये किती काय असतं ते लग्न झालेल्यांना सांगायला नको.

मागे असाच लझानिया काढला होता. ज्यांनी तो फक्त खाल्लाय त्यांना वाटतं हा एक पदार्थ आहे. नाहीये. हे तीन पदार्थ आहेत आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. एक म्हणजे पास्त्याच्या शीट्स, १०० ग्रॅम मैद्याला एक अंडं या हिशोबाने पीठ, ते दहा मिनिटं तिंबायचं आणि मग अर्धा तास झाकून ठेवायचं कारण त्यातलं ग्लुटेन ताणलेलं असतं, त्याला विश्रांती लागते. पिठाला हां, मला नाही. दुसरा टोमॅटोचा सॉस, जो जितका रटरटेल तितका चांगला. तिसरा पांढरा सॉस, बटरमध्ये मैदा भाजून त्यात दूध, आणि त्या दुधाकडे पाठ फिरवली की गुठळ्या. दाराची बेल नेमकी कधी वाजते सांगू? बरोबर.

हे तिन्ही आळीपाळीने ट्रेमध्ये रचायचं, वर चीज, मग ओव्हन, आणि बाहेर काढल्यावर अजून पंधरा मिनिटं हात लावायचा नाही, नाहीतर कापल्या कापल्या सगळे थर सुटून ताटभर पसरतात. ही शेवटची पंधरा मिनिटं सगळ्यात वाईट. कारण तोवर जेवणाची वेळ केव्हाच टळून गेलेली असते, घरातली सगळी मंडळी ओट्याभोवती जमून त्या ट्रेकडे नजर लावून बसलेली असतात, मुलगा फ्रीज उघडून बंद करतोय, पुन्हा उघडतोय, आणि मी सुरी घेऊन ट्रेवर पहारा देतोय की थांबा, सेट होतंय.

मग वाढलं. मुलीने काट्याने एक कोपरा उचलून आत डोकावून बघितलं आणि म्हणाली, "बाबा, यात नक्की काय काय आहे?" तुला न आवडणारं काही नाही म्हटलं तर म्हणे, "असं तू म्हणतोस तेव्हा असतंच." मुलाने थर वेगळे करायला घेतले. चीज एकीकडे, शीट एकीकडे, सॉस ताटाच्या कडेला. आख्खी सकाळ घालून मी जे रचलं होतं ते त्याने दोन मिनिटांत सोडवून दाखवलं, आणि त्यातलं चीज तेवढं खाल्लं. आई म्हणाली, "छान झालंय हो. आणि याच्याबरोबर खायला काय आहे?"

बायको म्हणाली की खरंच मस्त झालंय. पण ती बघत होती सिंककडे. सिंकमध्ये घरातली यच्चयावत पातेली होती, पाहुण्यांसाठी वर ठेवलेली सुद्धा, आणि सगळ्यात वर पांढरा सॉस करपून चिकटलेलं एक भांडं जे घासायचं नसतं, भिजत घालायचं असतं, आणि भिजत घालणारा माणूस नंतर कधी सापडत नाही हा सगळ्या घरांचा अनुभव आहे. भांड्यांचा वेळ कुठल्याच रेसिपीत नसतो बरं का. तयारी इतकी, शिजवणं इतकं, चार जणांसाठी. आणि चार जणांपैकी घासणार कोण?

सोमवारी रात्री दोघांनाही उशीर झाला म्हणून मी इन्स्टंट नूडल्स केल्या. पाणी उकळलं, टाकल्या, पुडी फोडली. टेबलावर एकदम शांतता, फक्त ओढून खाल्ल्याचे आवाज. मुलाने वाडगा उचलून तोंडाला लावला. मुलगी म्हणाली, "बाबा, तू ना भारी बनवतोस हे." आईने सुद्धा याच्याबरोबर काय आहे असं विचारलं नाही.

आता राग यायला हवा होता, पण मी त्या नूडल्सबद्दल वाचत बसलो आणि रागच गेला. मोमोफुकु अँडो नावाच्या गृहस्थाने १९५८ साली जपानमध्ये त्या बाजारात आणल्या. त्याआधी घरामागच्या एका शेडमध्ये तो कितीतरी महिने एकटाच खटपट करत होता की शिजवलेल्या नूडल्स टिकतील कशा आणि गरम पाण्यात झटकन परत होतील कशा. शेवटी त्याने त्या तेलात तळल्या. तळताना आतलं पाणी उडून जातं, बारीक बारीक भोकं उरतात आणि नंतर त्या भोकांतून गरम पाणी पटकन आत शिरतं. म्हणजे बघा, रविवारी आमच्या घरी एका हौशी माणसाची एका सकाळची मेहनत होती आणि सोमवारी एका हट्टी माणसाची कित्येक महिन्यांची. पोरांनी बरोबर ओळखलं. जास्त मेहनतीचं होतं तेच त्यांनी खाल्लं.

हे मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "काहीतरीच. आमच्या वेळी असले शॉर्टकट नव्हते." आता आईपुढे वाद घालायचा नसतो, पण मी म्हटलं, आणि कुकर? कुकर हा शॉर्टकट नाही? डेनी पापँ नावाच्या माणसाने १६७९ साली वाफ कोंडून शिजवायचं भांडं केलं, आजच्या कुकरमध्ये दाब चढला की पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं म्हणून तासाभराचं काम चार शिट्ट्यांत होतं, याला शॉर्टकट नाही तर काय म्हणायचं? "कुकर वेगळा," आई म्हणाली. मिक्सर? "तोही वेगळा." गिरणीतून दळून आणलेलं पीठ? त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय आवरला. पण मला कळलंय ते कळलंय. तिच्या तरुणपणी घरात आलं तो स्वयंपाक आणि माझ्या तरुणपणी आलं तो आळस. उद्या माझी पोरं काहीतरी भलतंच आणतील आणि मी पण असाच तोंड वाकडं करून सांगेन की आमच्या वेळी निदान पुडी तरी हाताने फोडत होतो.

आणि "आमच्या वेळी" कुठवर मागे न्यायचं? इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या पाँपेई या रोमन शहरात तयार गरम खाण्याच्या दुकानांचे ओटे सापडलेत, ओट्यातच मोठमोठी मडकी बसवलेली, कारण कित्येकांच्या घरात धड स्वयंपाकघरच नव्हतं. म्हणजे "कंटाळा आलाय, आज बाहेरचंच आणूया का" हे वाक्य जवळजवळ दोन हजार वर्षांचं आहे.

बाकी शॉर्टकटचं पण काही सोपं नव्हतं हां. पत्र्याच्या डब्यात अन्न टिकवायचं पेटंट इंग्लंडमध्ये १८१० साली निघालं आणि डबा उघडायचं धड हत्यार यायला १८५० चं दशक उजाडलं. मधली चाळीसेक वर्षं लोक छिन्नी-हातोडी घेऊन जेवायला बसत होते. आमच्याकडचा ओपनर हरवला की मला नेहमी त्या लोकांची आठवण येते, म्हणजे दर आठवड्याला.

असो. तर तेव्हापासून मी जरा अभ्यास केला आणि लक्षात आलं की कष्टाचं ते चांगलंच असतं असं काही नाही. वाटाणे घ्या. तोडल्या क्षणापासून त्यातली साखर पिठूळ व्हायला लागते, म्हणून तोडल्यावर काही तासांत वाफवून गोठवलेले फ्रोजन वाटाणे हे दोनचार दिवस इकडून तिकडे फिरलेल्या "ताज्या" शेंगांपेक्षा गोड लागतात. म्हणजे शेंगा सोलत बसून मी जे मिळवत होतो ती फक्त पाठदुखी. राजम्याचं तर विचारूच नका. रात्रभर भिजवा, पाणी बदला, मग निदान दहा मिनिटं चांगला खळाखळा उकळवा, कारण कच्च्या राजम्यात असं काही असतं की पोटाची वाट लागते, आणि अर्धवट गरम झाला तर उलट जास्तच त्रास. डब्यातला राजमा आधीच शिजलेला. उघडला की झालं. इथे आळशी माणूस सुरक्षित आहे आणि हौशी माणूस बाथरूममध्ये.

आता मूळ मुद्द्याला हात घालतो. पफ पेस्ट्री.

पफचं गणित भयंकर आहे. पिठाच्या पोळीत लोण्याची लादी गुंडाळायची, लाटायचं, तीन घड्या घालायच्या, फ्रीजमध्ये अर्धा तास. पुन्हा लाटायचं, तीन घड्या, फ्रीज. असं सहा वेळा. तीनाला तीनने गुणत सहा वेळा गेलं की ७२९ होतात, म्हणजे लोण्याचे ७२९ थर. भट्टीत लोण्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती प्रत्येक थर उचलते, त्यातून ते खुसखुशीत पापुद्रे. लोणी कडक राहिलं तर पीठ फाटतं, मऊ पडलं तर सगळं एकजीव होऊन बिस्किट होतं. मी तो व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला, मग उठलो आणि फ्रोजनचं पाकीट आणलं.

रात्री फ्रीजमध्ये काढून ठेवलं, सकाळी उलगडलं, चौकोन कापले, आत भाजी भरली, वरून अंडं फासलं, ओव्हन. बाहेर आलं ते असं फुगून, सोनेरी, हात लावला की पापुद्रे उडतायत. मुलगा चार खाऊन पाचव्याकडे बघत होता. मुलीने आत काय आहे विचारलं नाही. आईने एक तोडून निरखून बघितला आणि म्हणाली, "हे तू घरी केलंस?"

मी म्हटलं, "घरीच तर केलं. तुझ्यासमोर ओव्हनमधून काढलं ना."

शब्द न् शब्द खरा आहे. बायको खोकली, पण बोलली काही नाही, रिकामं पाकीट तिनेच तोवर डब्याच्या तळाशी सरकवलं होतं. याला म्हणतात संसार.

घोडं पुढे अडलं. आईने त्यातले दोन शेजारच्या काकूंना नेऊन दिले, आणि देताना ते ७२९ थर पण सांगून आली, कारण आदल्या दिवशी जेवताना मीच उत्साहात ते गणित सगळ्यांना समजावलं होतं. तिचा मुलगा घरी बसून लोण्याचे ७२९ थर देतो हे आता सगळ्या जिन्याला माहीत आहे. दूधवाला पण परवा माझ्याकडे जरा आदराने बघत होता. काकूंचा फोन आला की रविवारी सकाळी त्या येतायत, खायला नाही, बघायला. सोबत त्यांच्या जाऊबाई आहेत, वही घेऊन. घड्या कशा घालतात ते त्यांना बघायचंय.

"किती वाजता येऊ? किती वेळ लागतो रे तयारीला?"

मी सांगितलंय, पंधरा मिनिटं.