हॉटेलचं टेबल नको, गच्चीची किल्ली द्या

फेब्रुवारी आला की व्हॅलेंटाइन डे आपला की परका, हा वाद दरवर्षी उकरून काढला जातो. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी फ्रेंडशिप डेचंही तेच. मला हे दोन्ही दिवस आवडतात. आपल्या माणसाला प्रेम बोलून दाखवायला निमित्त मिळतंय ना, मग ते कुठून आलं याची चौकशी कशाला? माझी तक्रार वेगळीच आहे. हे दिवस आपण नुसते विकत घेतो. केक, हॉटेलबाहेरची रांग, फोटो, बिल, रिक्षा, घर. ज्याच्यासाठी एवढा घाट घातला त्याच्याशी धड बोलणंही होत नाही.

माणसं जवळ येतात ती चार हात एका कामाला लागले की, असं माझं ठाम मत आहे. म्हणून माझ्या लेखी मैत्रीचा सगळ्यात सुंदर दिवस म्हणजे कोजागरी. गच्चीवर शेगडी, मोठ्या पातेल्यात आटायला ठेवलेलं दूध. कुणी जायफळ किसतंय, कुणी बदाम-पिस्त्यांचे काप करतंय, पोरं बदाम सात खेळतायत, एकीकडे गाण्याच्या भेंड्या. दूध खाली लागू नये म्हणून पातेल्यापाशी कुणीतरी उभं राहावंच लागतं. मग त्याला सोबत म्हणून दुसरं कुणीतरी जातं, आणि वर्षभर राहून गेलेलं बोलणं तिथे होतं. माझ्या सासूबाई एरवी मोजकंच बोलतात. पण दूध ढवळायचा डाव हातात आला की त्यांची गिरणगावातली चाळ, तिथल्या मैत्रिणी, भोंग्याच्या तालावर चालणारा दिवस, सगळं बाहेर येतं. दुधात चंद्र दिसेपर्यंत आम्ही ऐकत राहतो.

आणि नेमक्या आपल्या गच्च्यांना कुलूप! काळजी मला कळते, लहान मुलं असतात, कठडे जुने असतात. पण वर्षातून एक रात्र चार मोठ्यांनी जबाबदारी घेतली तर काय बिघडेल? मुंबईत घरात दहा माणसं बसवायची तर पलंग उभा करावा लागतो. उघड्या आभाळाखालची मोकळी जागा आहे ती तेवढीच.

लोकलने रोज जाणाऱ्यांना मात्र हे सांगावं लागत नाही. दसऱ्याच्या आदल्या कामाच्या दिवशी डब्याला झेंडूची तोरणं, पूजा, पेढे. बायकांच्या डब्यात तर धावत्या गाडीत डोहाळजेवण होतं, ओटी भरली जाते. ज्यांची घरं एकमेकींनी कधी पाहिली नाहीत, त्या एकमेकींची बाळंतपणं निभावून नेतात. यापेक्षा मोठी मैत्री मला ठाऊक नाही.

दोघांनीच जायचं असेल तर सीएसएमटीहून नरिमन पॉइंटच्या एनसीपीए कलाकेंद्राकडे जाणारी दुमजली बस पकडा आणि वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळेपर्यंत थांबा. जुन्या दुमजली गाड्या 15 सप्टेंबर 2023 ला बंद झाल्या. नव्या विजेवरच्या वातानुकूलित आहेत, खिडकीतून वारा येत नाही, पण समोरचा रस्ता तसाच दिसतो. नाहीतर राणीची बाग, म्हणजे भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय (बुधवारी बंद असते, नीट बघून जा). पेंग्विन पोरांसाठी, तुम्ही जुन्या झाडांखाली हिंडा. शेजारीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, 1872 पासूनचं. तिथल्या मातीच्या छोट्या मूर्ती आणि जुन्या मुंबईचे देखावे बघताना बोलायला विषय शोधावा लागत नाही.

आणि आईला विसरू नका. फुलांपेक्षा तिला दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहात दुपारचं नाटक दाखवा, मध्यंतरात गरम बटाटेवडा खाऊ घाला. माझी आई घरी येईपर्यंत नटांचे संवाद म्हणून दाखवते. तिला तिच्या मैत्रिणीसोबत पाठवलंत तर आणखी उत्तम, बायकांना साठीनंतर मैत्रिणीसोबत बाहेर पडायला कुणी सुचवतच नाही.

तेव्हा या वर्षी सोसायटीच्या सभेत कोजागरीसाठी गच्चीचा विषय मांडा. पातेलं, शेगडी, साफसफाई, मुलांवर लक्ष, कोण काय करणार ते तिथेच लिहून द्या, म्हणजे सेक्रेटरींनाही नाही म्हणता येणार नाही. ज्यांच्याकडे हे आधीपासून चालतं त्यांनी कमेंटमध्ये लिहा, दहा लिटर दुधाला साखर किती घालता आणि परवानगी कशी मिळवली.