आमच्या चंद्रपूरच्या राणी हिराईची सिरीयल कोणी काढन का?

परवापासून डोक्यात घोळून राहिलं म्हणून लिहूनच टाकते, मोठं झालं तर झालं.

परवा रात्री जेवणं आटोपून आई, मी अन् मोठीमाय राजवाड्याची एक सिरीयल पाहून राहिलो होतो. त्यातली राणी सेनापतीच्या प्रेमात पडते, त्याच्यासाठी रात्री किल्ल्याचा दरवाजा उघडते अन् राज्य जातं. नेमकी तेव्हाच लाईन गेली. अंधारात मोठीमाय म्हणते, "दरवेळी बाईच काऊन दरवाजा उघडते वं?"

मला तेव्हा काही बोलता नाही आलं. आता बोलते.

आपल्याच भागातलं घ्या ना. देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंदनं, १७०२ च्या सुमारास नागपूर वसवलं, त्याच्या मुलानं, चांद सुलताननं, देवगडची राजधानी तिथं आणली. १७३९ मध्ये चांद सुलतान गेला अन् वली शाहनं गादी बळकावली, हा काही बाहेरचा नव्हता, बख्त बुलंदचाच अनौरस मुलगा. चांद सुलतानच्या राणीनं, रतनकुंवरनं, आपल्या पोरांसाठी वऱ्हाडातून रघुजी भोसल्यांना बोलावलं. त्यांनी वली शाहला हरवलं, मुलांना गादीवर बसवलं. इथपर्यंत सांगून लोक म्हणतात, पाहा, बाईनं परका घरात आणला. अन् पुढचं? पुढं तिचीच ही पोरं, बुऱ्हाण शाह अन् अकबर शाह, दोघं सख्खे भाऊ, एकमेकांच्या जिवावर उठले, मग रघुजी परत आले अन् १७४३ च्या आसपास नागपूर भोसल्यांच्या हातात गेलं. गोंड राजा नावालाच राहिला. भांडले भाऊ अन् बोल लागला मायला, हे मला अजिबात पटत नाही.

त्याच नागपुरात भोसल्यांच्या घरातही तेच झालं. १८१६ मध्ये दुसरे रघुजी गेले, मुलगा परसोजी आजारी, आंधळा, कारभार चुलतभाऊ आप्पासाहेबाकडे गेला, अन् १८१७ च्या फेब्रुवारीत परसोजी राजवाड्यातच मेलेला सापडला. आप्पासाहेब राजा झाला. नोव्हेंबरात तोच आप्पासाहेब सीताबर्डीला इंग्रजांशी लढला, त्याबद्दल मला त्याचा मानच आहे, पण भावाच्या खुनाचं बोट त्याच्याकडेच जातं, ते काही पुसलं जात नाही.

आता आमच्या चांद्याची, म्हणजे आजच्या चंद्रपूरची, हिराई. तिच्याबद्दल लिहायचं म्हटलं की माझा ऊर भरून येतो. राजा बीरशाहची ही राणी. असं सांगतात की बीरशाह दुसरं लग्न करायला निघाला होता अन् त्याच वेळी हिरामण नावाच्या त्याच्या अंगरक्षकानंच त्याला मारलं. म्हणजे विचार करा, नवरा सवत आणायला निघालेला, अन् ज्याच्या भरवशावर जीव तोच जीव घेतो, पोटी मुलगा नाही, गादीवर सगळ्यांचा डोळा. सिरीयलवाले असते तर या राणीला वेडी केली असती नाहीतर विषाची वाटी हातात दिली असती. हिराईनं काय केलं? रामशाहला दत्तक घेतलं, तो मोठा होईपर्यंत राज्य स्वतः चालवलं, महाकालीचं मंदिर बांधलं, अन् बीरशाहची समाधी अशी बांधली की अंचलेश्वर मंदिराजवळ गोंड राजांच्या इतक्या समाध्या आहेत पण नजर आधी तिच्यावरच जाते. नवऱ्यानं बायकोसाठी बांधलेलं सगळ्या जगाला माहीत आहे, बायकोनं नवऱ्यासाठी बांधलेलं आपल्याच जिल्ह्यात आहे अन् चैत्रात महाकालीच्या जत्रेला पार नांदेडकडून माणसं येतात, झरपट नदीत आंघोळ करतात, दर्शन घेतात, अन् हे मंदिर बांधणाऱ्या बाईचं नाव कितीजणांना माहीत असते? मला याचं फार वाईट वाटते.

मोठीमायनं तो प्रश्न उगाच नाही विचारला. मोठेबाबा गेले तेव्हा मी दहावीत होते. तेरवीचं जेवण झालं, पत्रावळ्या उचलायच्या होत्या अजून, तर घरातल्याच एकानं स्टॅम्प पेपर पुढं केला, म्हणे फक्त सही कर, बाकी आम्ही पाहून घेतो. हक्कसोड होता तो. सहा एकर वावर. मोठीमाय चौथी शिकलेली, तिनं एकेक अक्षर लावून वाचलं अन् कागद परत दिला. मग दोन वर्षं तिच्याबद्दल काय काय उठवलं लोकांनी, सालदारासोबत नाव जोडलं, मला आजही लिहिताना हात थरथरतो. तिनं कपाशी पेरली, तूर पेरली, पोरीचं लग्न केलं, सातबाऱ्यावर स्वतःचं नाव लावून घेतलं. अन् धुऱ्यावर मोहाच्या झाडाखाली मोठेबाबाच्या नावाचा ओटा बांधला, दर दिवाळीला स्वतः चुना मारते.

म्हणून सांगते, ही अशी राणी दाखवा ना कोणी. प्रेमही आहे, दगाही आहे, गादीसाठी मारामारी आहे, सगळा मसाला आहे यात. नुसती दरवाजा उघडणारी बाई किती वेळा पाहायची?

काल आम्ही दोघी एसटीनं चंद्रपूरला जाऊन आलो. महाकालीचं दर्शन घेऊन मी तिला समाधीजवळ नेलं, हिराईची सगळी गोष्ट तिथंच बसून सांगितली. ती काही बोलली नाही बराच वेळ. मग दगडावर हात ठेवून म्हणते, "एवढं बांधाले तिले किती दिवस लागले असन वं?"